रेघेवर उभ्या असलेल्या मोठ्यांबद्दल: क्रीडा संचालनालयाला आणि स्पर्धा भरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
संचालक, क्रीडा व युवा व्यवहार संचालनालय, पणजी
तसेच राज्यातील क्रीडा संघटनांचे पदाधिकारी, शाळांचे मुख्याध्यापक आणि गावोगावी स्पर्धा भरवणारी मंडळे

विषय: लहान वयोगटांच्या सामन्यांत प्रशिक्षक व पालकांचे वागणे, आणि त्याबाबत आयोजकांनी करावयाच्या गोष्टी

महोदय,

नव्या मोसमाचे वेळापत्रक ठरण्याआधी हे पत्र आपल्या टेबलावर यावे, म्हणून आत्ताच लिहीत आहोत. आम्ही पंच, शारीरिक शिक्षणाचे शिक्षक, प्रशिक्षक आणि फिजिओथेरपिस्ट आहोत. पालकांनी आरडाओरडा करू नये, प्रशिक्षकांनी मुलांना घालूनपाडून बोलू नये, अशा सूचना काही कमी निघालेल्या नाहीत. फलक लागतात, उद्घाटनाला शपथ होते, प्रमुख पाहुणे खिलाडूवृत्तीवर बोलतात आणि त्यांची गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत रेघेवरून पहिली शिवी ऐकू येते. माणसांना उभे कुठे केले आहे, सामने कसे लावले आहेत आणि कुणाला कशाबद्दल पैसे, गुण किंवा पुढच्या वर्षीची नेमणूक मिळते, यावर त्यांचे वागणे बरेचसे ठरते असे आमचे मत आहे. आणि या तिन्ही गोष्टी ठरवता तुम्ही.

२०१४ ची लुसोफोनिया स्पर्धा (पोर्तुगीज भाषिक देश-प्रदेशांची) आणि २०२३ ची ३७ वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा यांच्या निमित्ताने राज्यात मैदाने, तलाव, इनडोअर हॉल उभे राहिले किंवा सुधारले. त्याबद्दल तक्रार नाही. पण मुलांचे बहुतेक सामने होतात पंचायतीच्या मैदानावर, शाळेच्या पटांगणात, नाहीतर भात कापून झालेल्या शेतात. तिथे चुन्याची रेघ हीच सीमा आणि त्या रेघेवरच माणसांची रांग. कॉर्नर घेणाऱ्या मुलाला मागे जायला जागा नसते, लाईनवर पळणाऱ्या सहायक पंचाला खांदे चुकवत पळावे लागते.

या रांगेमुळे नेमके काय बिघडते ते जवळून पाहा. बारा वर्षांखालील सामना आहे. उजव्या बाजूच्या बचावपटूकडे चेंडू येतो आहे. चेंडू पायाशी पोचण्याआधी त्याने एकदा मान वळवून मागे पाहायला हवे: समोरचा विंगर (कडेने धावून येणारा आक्रमक) कुठे आहे, आपला गोलकीपर कुठे आहे. ही सवय लागायलाच वर्ष-दोन वर्षे जातात. नेमक्या त्याच क्षणी रेघेवरून बाबा ओरडतात, ‘मार मरे भायर!’ (मार बाहेर) बाकावरून सर ओरडतात, ‘ठेव, ठेव, पास कर!’ मागून कुणाचा तरी काका, ‘फुडें वच!’ (पुढे जा) मुलगा मान वळवतो खरा, पण बाबांकडे. चेंडू पायाखालून निसटतो, विंगर घेऊन जातो, आणि तिघेही एकदम म्हणतात की याचे लक्षच नाही. लक्ष होते, तीन मोठ्या माणसांनी ते तीन ठिकाणी ओढले. असे दोन मोसम गेले की मुलगा निर्णय घ्यायचे सोडून देतो आणि आवाजाची वाट पाहतो. पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्याचाच प्रशिक्षक तक्रार करतो की हा स्वतःचे डोके चालवत नाही. चालवणार कसे? त्याला कधी चालवू दिले होते?

म्हणून पहिली मागणी दोराची आहे. लहान मुलांच्या मैदानाची लांब बाजू साधारण ६० मीटर धरा. रेघेपासून तीन मीटर मागे दर चार मीटरवर एक बांबू रोवला तर सोळा बांबू लागतात, आणि कमरेच्या उंचीवर एक नायलॉनचा दोर. खर्च विजेत्यांच्या मोठ्या चषकापेक्षा कमीच येईल. सर्व प्रेक्षक दोराच्या मागे आणि एकाच बाजूला. दोन्ही संघांचे बाक समोरच्या बाजूला. पालक आणि प्रशिक्षक यांच्यामध्ये सबंध मैदान आले की ‘माझ्या मुलाला आत घ्या’ हा सामना चालू असतानाचा आग्रह आपोआप थांबतो. गोलपोस्टच्या मागे कुणीही नाही, फोटो काढणारेही नाहीत. सगळ्यांत जास्त बोलणी गोलकीपर खातो आणि ती त्याला अगदी पाठीमागून ऐकू येतात.

दोर दोन ठिकाणी फसतो. बांबू सामन्याच्या सकाळी रोवायला घेतले तर पहिला सामना दोराविना सुरू होतो, आणि एकदा माणसे रेघेवर बसली की ती उठत नाहीत. काम आदल्या संध्याकाळीच व्हायला हवे. दुसरे म्हणजे, दोराच्या आतल्या खुर्च्या. सरपंच, देणगीदार, संघटनेचे पदाधिकारी यांच्यासाठी आत खुर्च्या मांडल्या की दोर संपलाच. मान्यवरांची सोय सावलीत करा, पण दोराच्या मागे.

बुद्धिबळाने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. तिथे प्रेक्षकाने चालू डावाबद्दल बोलणे नियमातच बसत नाही आणि व्यत्यय आणणाऱ्याला पंच बाहेर काढू शकतो. वयोगटाच्या स्पर्धांत तर डाव सुरू झाला की पालक सभागृहाबाहेर. अनुराग म्हामल, लिऑन मेंडोन्सा, भक्ती कुलकर्णी असे खेळाडू ज्या राज्याने दिले आणि २०२५ मध्ये ज्या राज्यात बुद्धिबळाचा विश्वचषक झाला, तिथल्या पालकांना दाराबाहेर बसणे जमते हे सिद्धच आहे. तेच पालक फुटबॉलच्या मैदानावर येतात तेव्हा वेगळे वागतात, कारण तिथे त्यांना कुणी थांबवत नाही.

आता बाकाकडे वळू. फुटबॉलच्या नियमांत तांत्रिक क्षेत्र, म्हणजे प्रशिक्षकाने वावरायची जागा, स्पष्ट सांगितले आहे: बसण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना एक-एक मीटर, आणि पुढे साइडलाइनच्या एक मीटर अलीकडेपर्यंत. एका वेळी एकाच माणसाने डावपेचाच्या सूचना द्यायच्या. २०१९-२० च्या मोसमापासून पंच प्रशिक्षकालाही पिवळे आणि लाल कार्ड दाखवू शकतो, आणि बाकावरून नेमके कोण बोलले हे कळले नाही तर ते कार्ड तिथल्या वरिष्ठ प्रशिक्षकाच्या नावावर जाते. नियमांची उणीव कुठेच नाही. शालेय स्पर्धांत हे कार्ड खिशातून बाहेर येत नाही याची कारणे वेगळी आहेत. पंच अठरा-एकोणीस वर्षांचा असतो. समोरचा प्रशिक्षक बहुधा शाळेतला सर असतो, कधी तो आयोजन समितीतही असतो, आणि पुढच्या स्पर्धेला पंच कोण बोलवायचे हे ठरवणाऱ्यांत त्याचा शब्द चालतो. मानधन हातात पडायला महिना लागतो. ‘रेफ्री, दोळे ना रे तुका?’ (डोळे नाहीत का रे तुला?) हे ऐकत त्याने सत्तर मिनिटे का काढावीत? एक मोसम करतो आणि सोडतो. मग पुढच्या वर्षी पंच कमी, उरलेल्यांवर एका दिवसात चार-चार सामने. चौथ्या सामन्यात पाय चालत नाहीत, ऑफसाइड दुरून दिला जातो, आणि ओरडणाऱ्यांना आणखी एक निमित्त मिळते.

यावर उपाय पंचाला धीर देण्याचा नाही, त्याच्यावरचा भार काढण्याचा आहे. प्रत्येक सामन्याला दोन्ही संघांनी एक-एक मोठा माणूस ‘मैदान मदतनीस’ म्हणून द्यावा, त्याला रंगीत जॅकेट असावे, आणि त्याचे नाव संघाच्या यादीबरोबरच लिहून घ्यावे. नाव नसेल तर नाणेफेक नाही. पालकाने ओरडायला सुरुवात केली की पंचाने खेळ थांबवायचा, त्या बाजूच्या मदतनीसाला बोलवायचे आणि स्वतः पालकाशी अजिबात बोलायचे नाही. मदतनीस जाऊन सांगेल. दुसऱ्यांदा तोच प्रकार झाला तर पाच मिनिटे दोन्ही संघ मध्यभागी, पाणी पीत. तिसऱ्यांदा सामना रद्द आणि निर्णय शिस्तपालन समितीकडे. क्रम हाच ठेवावा, कारण पहिल्या झटक्याला सामना रद्द करायचा अधिकार दिला तर कुठलाच पंच तो वापरत नाही. खेळाडूंच्या उलट बोलण्यासाठी तात्पुरते बाहेर काढण्याचीही सोय तळागाळातल्या फुटबॉलला नियमांनी दिली आहे: एकूण वेळेच्या १० ते १५ टक्के, म्हणजे ४० मिनिटांच्या सामन्यात चार ते सहा मिनिटे. मुलांवर तिचा परिणाम चांगला होतो, कारण शिक्षा तिथेच भोगून मूल परत खेळायला येते.

शिस्तपालन समितीची बैठक आज स्पर्धा संपल्यावर होते. बाद फेरीत हरलेल्या संघाच्या प्रशिक्षकावर एका सामन्याची बंदी घालून उपयोग काय, त्याला सामनाच उरलेला नसतो. म्हणून दोन बदल हवेत. लाल कार्डाचा निर्णय एकाच माणसाने ४८ तासांत द्यावा. आणि बंदी संघावर न जाता प्रशिक्षकाच्या नोंदणी क्रमांकावर जावी, मग तो मुलींचा संघ घेऊन येवो किंवा पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेतून येवो.

बाद फेरीचा विषय निघालाच आहे तर तो पुरता सांगतो, कारण आमच्या मते सगळ्या वाईट वागण्याची मुळे इथे सर्वांत खोल आहेत. तालुका पातळीवर १६ संघ आले आणि बाद पद्धत लावली तर १५ सामन्यांत स्पर्धा उरकते. आयोजकाला सोयीचे. पण त्यात आठ संघ एकच सामना खेळून घरी जातात. वर्षभर सराव करून चाळीस मिनिटे! अशा सामन्यात प्रशिक्षक काय करणार? सर्वांत उंच मुलांना पुढे ठेवणार, चेंडू लांब मारायला सांगणार, पाच-सहा मुलांना बाकावरच बसवणार आणि पंचाच्या प्रत्येक निर्णयावर उसळणार. चूक परवडत नाही अशी रचना आपण केली आणि मग चुका करणाऱ्या मुलावर कुणी ओरडू नये असे म्हणतो.

त्याऐवजी चार-चार संघांचे चार गट करा. गटात सहा सामने, एकूण २४. मग दोन उपांत्य आणि अंतिम धरून २७. प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतात. वेळ पुरणार नाही असे उत्तर येते, तर हिशोब करून पाहा. बारा वर्षांखालच्यांसाठी मोठे मैदान आडवे दोन भागांत आखा, सात-सात जणांचे सामने, १५ मिनिटांचे दोन डाव. मध्यंतर आणि मैदानात ये-जा धरून एका सामन्याला ४० मिनिटे. २७ सामन्यांचे १८ तास झाले, दोन मैदानांवर नऊ. दोन दिवस सकाळी साडेसातला सुरू केलेत तर दुपारच्या उन्हाआधी दोन्ही दिवस आटोपते. वाढीव खर्च पंचांचा आणि नाश्त्याचा.

त्यात एक नियम आणखी: यादीतल्या प्रत्येक मुलाने प्रत्येक सामन्यात निदान एक सबंध डाव खेळायचा. बदली कितीही वेळा. हा नियम नुसता पुस्तकात ठेवला तर प्रशिक्षक शेवटच्या दोन मिनिटांत मुले आत ढकलून ‘खेळवले’ म्हणतात. म्हणून नोंद गुणलेखकाने करायची: मध्यंतराला तो बाकावरच्या मुलांचे क्रमांक लिहून घेतो, आणि दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला ते क्रमांक मैदानात दिसले नाहीत तर पंचाला सांगतो. दोन ओळींचे काम आहे. आमच्या अनुभवात बाकावर बसून राहणारा मुलगा पुढच्या वर्षी येत नाही, आणि उशिरा उंची येणारी मुले त्यातच असतात.

आता पैशांकडे. कंत्राटी प्रशिक्षकाच्या नूतनीकरणाच्या वेळी त्याला काय विचारले जाते? किती पदके आली. अकादमीच्या पत्रकावर काय छापले जाते? किती मुले राज्याच्या संघात गेली. ज्याची नोकरी बारा वर्षांच्या मुलांच्या पदकांवर टांगलेली आहे, त्याला शांत राहायला सांगण्यात अर्थ नाही. त्याच्या अहवालात तीन आकडे सक्तीचे करा: जूनमध्ये नोंदलेल्या मुलांपैकी मार्चमध्ये किती येत होती, त्यांत मुली किती, आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ खेळाबाहेर बसवणाऱ्या दुखापती किती झाल्या. पदके चौथ्या रकान्यात येऊ देत. ज्याच्याकडे ३० मुले येतात आणि मोसमाअखेर ११ उरतात, त्याच्या दोन सुवर्णपदकांकडे वेगळ्या नजरेने पाहायला हवे.

पालकांच्या बाजूलाही असाच एक काटा आहे. गोवा बोर्डाच्या परीक्षांत खेळाचे गुण मिळतात. ती सवलत चांगली आहे, आम्ही तिच्या विरोधात नाही. पण तिच्यामुळे नववी-दहावीत संघाच्या यादीत नाव येणे ही पालकांच्या लेखी परीक्षेचीच तयारी होते, आणि मग निवडीच्या आदल्या रात्री फोन सुरू होतात. निवड चाचणीचे निकष आठवडाभर आधी शाळेच्या फळ्यावर लागू देत, मुलांच्या छातीवर नावाऐवजी क्रमांक असू देत, आणि तीन निवडकर्त्यांपैकी दोन दुसऱ्या तालुक्यातले असू देत. बारा तालुक्यांच्या राज्यात हे अवघड नाही. निकालाबरोबर प्रत्येक मुलाला एका ओळीत कारण द्या: ‘डावा पाय कच्चा’, ‘पहिला स्पर्श सुटतो’. ज्याला कारण कळते तो सरावाला लागतो. कारण कळले नाही तर घरी जे बोलले जाते ते मुलापुढेच बोलले जाते, आणि ते सगळे सरांच्या लायकीबद्दल असते.

पालकांसाठी मोसमाआधी अर्ध्या तासाची बैठक सक्तीची करा. तिथली सही नसेल तर मुलाचे ओळखपत्र नाही. बैठकीत भाषण नको. प्रत्येकाला एक काम द्या: पाण्याच्या बाटल्या, बर्फाची पेटी, गुणलेखन, मैदान मदतनीस, मुलींसोबत प्रवास. हातात वही असलेला पालक ओरडत नाही, कारण त्याला पुढचा क्रमांक लिहायचा असतो. दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगायच्या. सामना संपल्यावर स्कूटरवर मागे बसलेल्या मुलाला सामन्याचा हिशोब विचारू नका. ते स्वतःहून बोलले तर ऐका, नाहीतर भूक लागली का ते विचारा. प्रशिक्षकाशी खेळाच्या वेळेबद्दल बोलायचे असेल तर दुसऱ्या दिवशी, मुलाला बाजूला ठेवून. आणि पंचाच्या किंवा दुसऱ्याच्या मुलाच्या चुकीची क्लिप वाडाभर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणाऱ्या पालकाला मैदानबंदी असावी. क्लिप दहा सेकंदांची असते, पण वर्गात ती वर्षभर चालते.

प्रशिक्षकांच्या वागण्याचा जो भाग थेट शरीरावर उतरतो, त्याकडे संघटनांचे लक्ष सर्वांत कमी आहे. हरलात म्हणून दहा फेऱ्या, उशीर झाला म्हणून दोनशे उठाबशा. गोव्याच्या दमट हवेत घाम येतो पण सुकत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी चार वाजता दिलेली अशी शिक्षा धोक्याची आहे. अचानक लादलेल्या शेकडो उठाबशांनी मांडीचे स्नायू तुटून त्यांतले द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडावर भार येतो. दुसऱ्या दिवशी लघवी चहासारखी गडद झाली तर मुलाला थेट रुग्णालयात न्यावे, हे प्रत्येक प्रशिक्षकाला ठाऊक हवे. उष्माघातात मूल असंबद्ध बोलू लागले तर आधी थंड करा, मग हलवा: सावली, कपडे सैल, बर्फाचे पाणी डोक्यावर, मानेवर, काखेत, जांघेत, जमल्यास टबात बसवणे, आणि त्याच वेळी १०८ ला फोन. फुटबॉलमध्ये पाण्यासाठी एक मिनिटाची आणि अंग थंड करण्यासाठी दीड ते तीन मिनिटांची विश्रांती नियमातच आहे; ती मागणाऱ्या मुलाला ‘नाजूक’ म्हणणाऱ्या प्रशिक्षकाला नियमांची परीक्षा पुन्हा द्यायला लावावी.

सरावाच्या ताणाचेही तसेच. मुलाच्या वयाची वर्षे म्हणजे आठवड्यातल्या संघटित सरावाच्या तासांची कमाल मर्यादा, हा बालक्रीडावैद्यकातला सर्वसाधारण ठोकताळा आहे. आठवड्यात किमान एक दिवस पूर्ण सुट्टी. अकरा वर्षांचा वेगवान गोलंदाज शाळेकडून, अकादमीकडून आणि क्लबकडून टाकतो आणि तिघांपैकी कुणीही बेरीज करत नाही. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने तेरा वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजासाठी एका स्पेलमध्ये (एका टप्प्यात) ५ आणि दिवसात १० षटकांची मर्यादा घातली, ती कंबरेच्या मणक्याला तडे जातात म्हणून. आपल्याकडे मुलाच्या किटबॅगेत एक वही ठेवा, षटकांची नोंद पालकांनी करावी, आणि सामन्याआधी पंचाने ती पाहावी. गुडघ्याखालचा किंवा टाचेचा दुखरा भाग घेऊन येणाऱ्या दहा ते चौदा वर्षांच्या मुलांत वाढत्या हाडावरचा ताण हे नेहमीचे कारण असते. त्यावर स्प्रे मारून किंवा दुखणे मारणारी गोळी देऊन खेळवणे म्हणजे धुराचा अलार्म काढून ठेवण्यासारखे आहे. डोक्याला मार लागून मूल गोंधळले, ओकले किंवा गुण किती झाले हे सांगू शकले नाही, तर त्या दिवशी ते पुन्हा मैदानात जाणार नाही. हा निर्णय प्रशिक्षकाचा किंवा बापाचा नसावा.

मुलींबाबत एवढेच: सगळ्यांसमोर वजन करणे आणि वजनावरून बोलणे बंद व्हावे. तीन महिने पाळी आली नाही तर ‘सराव चांगला चालला आहे’ असे समजणारे प्रशिक्षक अजून आहेत. ते कमी खाल्ल्याचे लक्षण असू शकते, आणि त्यात हाडे ठिसूळ होतात. डॉक्टरांकडे पाठवणे हेच प्रशिक्षकाचे काम.

वाईट वागण्याचे एक टोक थेट गुन्ह्याला जाऊन भिडते. २०१९ मध्ये गोव्यातल्या एका जलतरण प्रशिक्षकावर अल्पवयीन मुलीच्या छळाचा आरोप झाला तेव्हा व्हिडिओ देशभर पसरल्यावर यंत्रणा हलली. प्रत्येक मुलीकडे व्हिडिओ नसतो. कायदे पुरेसे आहेत. २००३ चा गोवा बाल कायदा मुलाचा आत्मसन्मान खच्ची करणाऱ्या शब्दांनाही बालछळाच्या व्याख्येत धरतो. तो बाकावर बसलेल्या सरांनाही लागू आहे हे किती जणांना माहीत आहे? मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार संशय आला तरी पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि हाताखालच्या माणसाबद्दलची तक्रार दाबणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘आधी आपल्यात मिटवू’ म्हणणाऱ्या समितीने हे कलम भिंतीवर लावावे. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यातही महिला आणि अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षेसाठी धोरण अपेक्षित आहे. ते राज्य संघटनांपर्यंत येण्याची वाट न पाहता चार गोष्टी उद्यापासून करता येतात. मोठा माणूस आणि मूल बंद खोलीत किंवा गाडीत एकटे नाहीत. मुलाला थेट खासगी संदेश नाही, पालक असलेल्या गटावरच. मुलींच्या संघाबरोबर प्रवासात एक महिला असणारच. मालिश किंवा पट्टी बांधणे उघड्या जागेत, दुसरे कुणी समोर असताना.

तक्रार होत नाही याचे कारण सगळ्यांना ठाऊक आहे. गोवा लहान. तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे तोच संघ निवडतो, ज्याच्याकडे करायची तो त्याच्याबरोबर दर रविवारी खेळतो, आणि मुलाचे नाव कुठून ना कुठून कळतेच. तक्रार घेणारा माणूस दुसऱ्या तालुक्यातला आणि दुसऱ्या खेळातला असावा; फुटबॉलची तक्रार टेबल टेनिसवाल्याने ऐकावी. सात दिवसांत लेखी पोच, तीस दिवसांत निर्णय, आणि तोवर तक्रारदार मुलाची निवड त्या प्रशिक्षकाच्या हातात नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक प्रत्येक ड्रेसिंग रूममध्ये मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावावा. मोठ्यांच्या उंचीवर नको.

वयाच्या खोट्या दाखल्यांवर फार लिहीत नाही, त्यावर बरेच बोलले जाते. तपासणाऱ्यांनी एक पाहावे: जन्मदाखल्यावर जन्मतारखेपेक्षा नोंदणीची तारीख. वर्षभराहून उशिरा नोंदलेला जन्म असेल तर पहिलीतल्या प्रवेशाचे जनरल रजिस्टर मागवा. आधार कार्ड हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे. मनगटाचा एक्स-रे हाडांचे वय सांगतो, पण त्यात फरक पडू शकतो. केवळ त्यावर मुलाला चोर ठरवू नये. आणि शिक्षा करायचीच तर कागद आणणाऱ्या मोठ्या माणसाला करा. तेरा वर्षांच्या मुलाने दाखला बनवलेला नसतो.

एवढे सगळे एका वर्षात होणार नाही, हे आम्हालाही कळते. या मोसमात तालुका पातळीवरची बारा वर्षांखालील मुलांची आणि मुलींची एकच फुटबॉल स्पर्धा निवडा. तिथे दोर, गट पद्धत, सबंध डावाचा नियम आणि मैदान मदतनीस ही चारच कलमे लावा. स्पर्धा संपल्यावर तीन आकडे मागवा: पंचांनी किती वेळा खेळ थांबवला, किती मुलांना सबंध डाव मिळाला, आणि त्या पंचांपैकी किती जण पुढच्या स्पर्धेला यायला तयार आहेत. आकडे वाईट आले तर आम्हाला बोलवून विचारा.

फोंड्याचे किंवा डिचोलीचे मैदान त्यासाठी सोयीचे पडेल, दोन्हीकडून बसची सोय आहे. बांबू रोवायला, मैदान आखायला आणि मदतनीसांना समजावून सांगायला आमच्यातले दहा-बाराजण विनामूल्य येतील. आदल्या दिवशी संध्याकाळी चारपासून मैदान मोकळे हवे आणि चुना तुमचा. तारीख कळवावी.

आपले,
गोव्यातील काही पंच, शारीरिक शिक्षण शिक्षक, प्रशिक्षक आणि फिजिओथेरपिस्ट